आधार लिंक आहे, मग पैसे गेले कुठे?

मावशींना वाचता येत नाही, पण पासबुकात छापलेले पंधराशे त्यांना लांबूनही ओळखू येतात. एक, पाच आणि पुढे शून्यंच शून्यं. पंचवटीत आमच्या मागच्या गल्लीत राहतात, सत्तरी ओलांडलेली. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये हाच त्यांचा स्वतःचा म्हणावा असा पैसा. गेल्या वर्षी सलग चार महिने एन्ट्री मारून आणली तरी पासबुक कोरंच. बँकेतली मुलगी म्हणाली, "आजी, तुमचं आधार लिंक आहे, आमच्याकडे काही अडलेलं नाही. तहसीलला विचारा." तहसीलमधले भाऊसाहेब म्हणाले, "इथून पैसे सुटलेत, बँकेत बघा." सेवा केंद्रातल्या पोराने स्क्रीनच आमच्याकडे वळवली. "हे बघा मावशी, पेमेंट सक्सेस."

मी सोबत होते म्हणून तिन्ही उत्तरं माझ्या कानांनी ऐकली. मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे 'जमा आहे पण दिसत नाही' हा प्रकार मला नवा नाही. पण इथे गंमत अशी होती की तिघंही खरं बोलत होते. ते कसं काय, हे शोधायला मला दीड महिना लागला, आणि त्या दीड महिन्यात सरकारी योजनांचं हे सगळं ऑनलाइन प्रकरण बरंचसं उलगडलं. तेच इथे मांडते.

आधी जुनी पद्धत. निराधारांच्या, वृद्धांच्या अनुदानाची यादी तहसील कचेरीत तयार व्हायची. नाव, गाव, खाते क्रमांक, रक्कम. ती यादी बँकेत जायची आणि तिथला माणूस एकेका खात्यात पैसे टाकायचा. यादीत नाव घुसवायला दलाल पैसे घ्यायचे, गेलेल्या माणसाचं नाव वर्षानुवर्षं निघायचं नाही, आणि महिना-महिना उशीर तर ठरलेलाच. तरी एक होतं. पैसे आले नाहीत तर माणूस कचेरीत जायचा, क्लार्क रजिस्टर काढायचा आणि यादीवर बोट ठेवून सांगायचा, हे बघा, तुमचा खाते क्रमांक चुकलाय. चूक बोटाखाली सापडायची.

नव्या पद्धतीत ती यादी सुटी झाली. तिचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी गेले. नाव एकीकडे, ओळख दुसरीकडे, बँक तिसरीकडे. आणि हे सगळे तुकडे जोडणारा धागा म्हणजे आधार क्रमांक.

या धाग्याची सुरुवात तशी आपल्याच नाशिक विभागातली. देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. १ जानेवारी २०१३ पासून केंद्राने थेट लाभ हस्तांतरण, म्हणजे आपण ज्याला डीबीटी म्हणतो ते, सुरू केलं. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन खाती आली. ओळख झाली, खातं झालं, मोबाइल तोवर घरोघरी पोचला होताच. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर सरकारला मधल्या कुणालाही न विचारता माणसाच्या खात्यात पैसे टाकता येऊ लागले. याचा उपयोग किती, ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दिसलं. एप्रिल ते जून असे तीन महिने बायकांच्या जनधन खात्यांत पाचशे-पाचशे रुपये आले, तेही निम्मी ऑफिसं बंद असताना. नाशिकरोडला नोटा छापायची प्रेस आहे, मुद्रांकांचे कागद छापणारी प्रेसही आहे. आमच्या शहराने पिढ्यान् पिढ्या सरकारचा पैसा कागदावर उमटताना पाहिला. आता तोच पैसा कागदाला न शिवता मावशींच्या नावाने निघतो, आणि कुठेतरी भलतीकडेच उतरतो.

एका आधारासमोर एकच बँक

आता मुख्य गाठ. बँका 'आधार लिंक' म्हणतात तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि लोकांची निम्मी पायपीट या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे होते.

पहिली गोष्ट: तुमच्या बँकेने तुमचा आधार क्रमांक तुमच्या खात्याला लावून ठेवलाय. ही त्या बँकेची घरातली नोंद. तुमची चार बँकांत चार खाती असतील तर चारही ठिकाणी आधार लावलेलं असू शकतं, आणि चारही बँका छातीठोकपणे सांगतील की लिंक आहे.

दुसरी गोष्ट: डीबीटीसाठी आधार जोडणं. याला बँकेतले लोक सीडिंग म्हणतात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही जी संस्था यूपीआय चालवते, तिच्याकडे एक भलीमोठी नोंदवही आहे. त्या वहीला मॅपर म्हणतात. शाळेतला फळा डोळ्यांसमोर आणा. डावीकडे आधार क्रमांक, उजवीकडे बँकेचं नाव. प्रत्येक क्रमांकासमोर एकच बँक लिहायला जागा. नवीन बँकेने तुमची संमती घेऊन स्वतःचं नाव कळवलं की जुनं पुसलं जातं. सरकार पैसे पाठवताना खाते क्रमांक बघतच नाही. आधार क्रमांक देतं, फळ्यावर त्यासमोर जी बँक दिसेल तिच्याकडे पैसे जातात, आणि मग ती बँक आपल्याकडच्या कुठल्या खात्याला हा आधार लावलाय ते बघून जमा करते. फळ्यावर तुमचा खाते क्रमांकसुद्धा नसतो, फक्त बँक.

आता मावशींच्या तिन्ही उत्तरांकडे परत या. बँक म्हणाली लिंक आहे, म्हणजे त्यांच्या घरच्या नोंदीत आहे. तहसील म्हणालं पैसे सुटले, कारण सुटले होते. सेवा केंद्रात 'सक्सेस' दिसलं, कारण पैसे एका खात्यात जमा झाले होते. ते खातं मावशींचंच होतं. फक्त मावशींना ते आठवत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी बचत गटाच्या कर्जासाठी एक पोरगा मशीन घेऊन गल्लीत आला होता. ओट्यावर बसून आठ-दहा बायकांचे अंगठे घेतले, खाती उघडली. पासबुक काही मिळालं नाही, कर्ज फिटलं, विषय संपला. पण त्या अंगठ्याबरोबर फळ्यावरची बँक बदलून गेली होती. मग इतकी वर्षं पैसे नीट कसे येत होते? कारण तेव्हा ते खाते क्रमांकावर येत होते, तहसीलच्या यादीवरून. योजना डीबीटीवर गेली, आधार बघून पैसे जायला लागले, आणि पहिल्याच महिन्यापासून ते ओट्यावर उघडलेल्या खात्यात पडू लागले. मावशींनी त्या चार महिन्यांत काहीच बदललं नव्हतं, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

हा प्रकार एकट्यादुकट्याचा नाही. २०१७ मध्ये एका बड्या मोबाइल कंपनीने सिमची पडताळणी करताना ग्राहकांची आपल्याच पेमेंट बँकेत खाती उघडली आणि लाखो घरांची गॅसची सबसिडी तिकडे वळली होती. लोकांना पत्ताच नव्हता. तेव्हा आधार प्राधिकरणाने त्या कंपनीची पडताळणीची परवानगी काही काळ थांबवली.

आपली बँक कोणती लागलीय हे बघणं खरं तर दोन मिनिटांचं काम. माय आधारच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये बँकेचं नाव आणि चालू आहे की बंद ते दिसतं. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे वगैरे शोधू नका, नाव पुरेसं आहे. नाव चुकीचं असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन आधार सीडिंगचा संमतीचा फॉर्म भरायचा. 'लिंक करा' एवढंच म्हणू नका, 'डीबीटीसाठी सीडिंग करा' म्हणा आणि पोच घ्या. लाडकी बहीणच्या वेळी कित्येक बायकांनी पोस्टात नवीन खातं उघडलं ते याच कारणाने. पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर खातं उघडतो आणि सीडिंग लगोलग होतं.

मावशींच्या बाबतीत दोन मिनिटांचं काम तीन आठवड्यांचं झालं, कारण ओटीपी ज्या नंबरवर जाणार तो थोरल्या मुलाचा जुना नंबर, आणि तो कधीच बंद पडलेला. म्हणजे आधी आधार केंद्र, टोकन, रांग, मोबाइल नंबर बदल, मग ते स्टेटस. त्यामुळे आता मी भेटेल त्याला पहिला प्रश्न हाच विचारते, आधारला नंबर कोणाचा आहे? बाकी नंतर.

अंगठा लागत नाही, म्हणजे काय होतं

रेशनच्या दुकानात ते निळं-काळं पॉस मशीन तुम्ही पाहिलंच असेल. अंगठा ठेवला की काय होतं याबद्दल लोकांच्या मनात भलत्या कल्पना असतात. दुकानदाराकडे तुमचा ठसा साठवलेला नसतो. मशीन ठशाचं सांकेतिक रूप करून, तुमच्या आधार क्रमांकासोबत, आधार प्राधिकरणाकडे पाठवतं. तिथे त्या एका क्रमांकासमोरचा ठसा काढून ताडून बघतात आणि परत एकच शब्द येतो, हो किंवा नाही. सगळ्या देशातून तुम्हाला शोधून काढत नाहीत. फक्त 'हा माणूस तोच आहे का' एवढं विचारतात. ई-केवायसी त्याच्या एक पायरी पुढे. त्यात हो-नाहीसोबत तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो असा मजकूर परत येतो आणि योजनेच्या नोंदीशी जुळवला जातो.

आता 'नाही' का येतं? कांद्याची पात कापून, भांडी घासून, सिमेंट कालवून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात. थंडीत कातडी फुटते. वय झालं की ठसा पुसट होतो. मशीनची काच मळलेली असते. रेंज नसते. वरचा सर्व्हर बसलेला असतो. लहान मुलाच्या बाबतीत वेगळंच कारण. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं आधार फोटोवर निघतं, ठसे घेतलेच जात नाहीत. पाच पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ते अपडेट करावे लागतात. ते केलं नसेल तर ताडून बघायला समोर काहीच नसतं. इतकी सगळी कारणं, पण स्क्रीनवर एकच लाल ओळ. दुकानदार म्हणतो, "अंगठा लागत नाही, उद्या या." उद्या म्हणजे मजुरीचा एक दिवस गेला.

सुरगाणा, पेठच्या डोंगरात हे रेंजचं दुखणं अजून जड. मशीन घेऊन टेकाडावर जाणारे दुकानदार आहेत. पण याच सुरगाण्याच्या माणसाला या पद्धतीने जे दिलंय ते जुन्या पद्धतीत मिळणं शक्यच नव्हतं. दिवाळी झाली की तिकडची कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. छाटणी, विरळणी, डिपिंग, काढणी, पार उन्हाळ्यापर्यंत मुक्काम. पूर्वी रेशनकार्ड गावाला आणि माणूस पिंपळगावला, म्हणजे चार-पाच महिन्यांचं धान्य गेलंच. कुणी उचललं, देव जाणे. ऑगस्ट २०१९ मध्ये 'एक देश एक रेशनकार्ड' सुरू झालं. त्यातली पहिली एक जोडी महाराष्ट्र आणि गुजरातची. आता कार्डाचा बारा आकडी नंबर आणि अंगठा यांवर कुठल्याही दुकानात धान्य मिळतं. निम्मं इथे आणि उरलेलं गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी तिकडे, असंही चालतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डामागे पस्तीस किलो, आणि २०२३ पासून तेही मोफत. बागेतल्या मुकादमाच्या मेहेरबानीवर अवलंबून असलेल्या माणसाला स्वतःचं धान्य स्वतःच्या अंगठ्यावर मिळणं ही लहान गोष्ट नाही. मी या पद्धतीवर कितीही करवादले तरी एवढं कबूल करते.

अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, असं केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना लेखी कळवलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात योजनांसाठी आधार मागायला मुभा दिली, पण पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला वंचित ठेवता येणार नाही, हेही म्हटलं. डोळ्यांच्या बुबुळांवर, चेहऱ्यावर पडताळणीची सोय आली आहे. अगदी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नॉमिनी, म्हणजे त्यांच्या वतीने धान्य नेणारा माणूस, नोंदवता येतो. हे सगळं आहे. दुकानदाराला ठाऊक असतं का आणि ठाऊक असून तो करतो का, ते गावोगाव वेगळं. १९६७ हा रेशनच्या तक्रारीचा नंबर. लावून बघायला काही जात नाही.

याद्या एकमेकींवर ठेवून बघणं

इथवर पैसे आणि धान्य पोचवण्याची गोष्ट झाली. गेल्या दोन-तीन वर्षांत खरा बदल झालाय तो निवडीत. कोण पात्र, कोण नाही, हे आता याद्या एकमेकींवर ठेवून ठरतं.

सर्वांना माहीत असलेलं उदाहरण लाडकी बहीणचं. जून २०२४ मध्ये घोषणा झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला दीड हजार. अर्ज भराभर घेतले गेले, तपासणी मागाहून. मग अर्जदारांची यादी परिवहन विभागाच्या यादीवर ठेवली, घरात चारचाकी निघाली की नाव बाजूला. दुसऱ्या योजनांच्या यादीवर ठेवली, दोन्हीकडे लाभ निघाला की बाजूला. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र ठरल्यासारखे दिसतात, त्यांचे हप्ते थांबवले आहेत. काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज भरले होते. हे सगळं माणसांनी कागद चाळून शोधायचं म्हटलं असतं तर वर्षं गेली असती. चोर पकडायला ही पद्धत पक्की, यात वाद नाही.

पण यादी जे सांगते ते यादीत लिहिलेलंच असतं. वेगळ्या राहणाऱ्या दिराची टॅक्सी रेशनकार्ड फोडलं नाही म्हणून 'कुटुंबाची गाडी' होते. पूर्वी तलाठी दारात येऊन चूल वेगळी आहे का ते बघायचा. त्यात त्याने खाल्लंही असेल, पण चूल दिसायची. मग २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली, त्यात बाईचा ओटीपी आणि सोबत नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक आणि ओटीपी. फॉर्म बनवणाऱ्याने गृहीत धरलं की प्रत्येक बाईला एक हजर पुरुष असतो आणि तो फोनवर आलेले सहा आकडे सांगतो. विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, नवरा कुठे आहे ठाऊक नसलेल्या होत्या. त्यांच्यासाठी मार्ग नंतर काढले, मुदतही वाढवली. तोवर आमच्या गल्लीतली एक पोरगी, नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी सोडलेली, त्याला फोन लावून ओटीपी मागत होती. ते बोलणं ऐकवत नव्हतं.

नावांच्या जुळणीचं मात्र मला हसू येतं आणि रडूही. आपल्याकडे बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव आधी की नंतर, इतक्या तऱ्हा. त्यात इंग्रजी स्पेलिंग. 'चौधरी' लिहिताना कुणी ए-यू घालतं, कुणी ओ-यू, शेवटी कुणी आय, कुणी वाय. 'वाघ' कुणाचा डब्ल्यूने सुरू होतो, कुणाचा व्हीने. माणसाला ते एकच दिसतं, कॉम्प्युटरला चार वेगळी माणसं दिसतात. जन्मतारखांचं तेच. जुन्या माणसांना तारीख ठाऊक नसायची, आधार काढताना वर्ष सांगितलं, तारीख पडली १ जानेवारी. आमच्या गल्लीत सत्तरीपुढची निम्मी मंडळी एकाच दिवशी वाढदिवसाची. आणि आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदाच. म्हणून पहिली दुरुस्ती करताना घाई नको. आधी रेशनकार्ड, बँक, शाळेचा दाखला यांत जे जास्त ठिकाणी सारखं आहे ते ठरवायचं आणि तसंच आधार करून घ्यायचं.

शेतकऱ्यांकडे हेच सगळं सातबाऱ्यावर चालतं. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून ॲपवर आली. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून फोटो काढून पीक नोंदवायचं. आता फार्मर आयडीही आलाय. आधार, सातबारा आणि पीक एका क्रमांकाखाली. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरीचे सहा हजार याच साखळीवर चालतात. एकट्याच्या नावावर स्वच्छ उतारा असलेल्या निफाडच्या बागायतदाराला यात फार त्रास नाही. पण मार्च २०१८ मध्ये वनजमिनीच्या हक्कासाठी जे शेतकरी याच नाशिकच्या सीबीएस चौकातून मुंबईला चालत गेले, त्यांच्यातल्या ज्याचा दावा अजून मंजूर नाही, त्याच्यापुढे ॲप उघडतं तेव्हा निवडायला गट नंबरच नसतो. शेत आहे, पीक आहे, फोटोसुद्धा निघतो. फक्त रकाना नाही.

त्याच वर्षी जुलैत आदिवासी वसतिगृहातली मुलं पुण्याहून नाशिकच्या आदिवासी आयुक्तालयाकडे पायी निघाली होती. मागणी काय, तर जेवणाचे पैसे खात्यात नकोत, खानावळच चालू ठेवा. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं, रोख पैसे मिळतायत तर नको का म्हणावं? मावशींच्या पासबुकानंतर कळलं. हप्ता दोन महिने लांबला तरी खात्याला भूक लागत नाही.

मधला माणूस गेला का

डीबीटीची जाहिरात करताना म्हणतात, मधला माणूस गेला. गेला नाही, त्याने जागा बदलली. तहसीलबाहेरच्या टपरीवरून तो सेवा केंद्रात आला. त्यांना मी नावं ठेवणार नाही. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री एक-दोनपर्यंत जागून लोकांचे अर्ज भरणारी पोरं मी पाहिली आहेत. पण त्यांच्याकडे गेल्यावर दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. अर्जात मोबाइल नंबर तुमचाच घालायला लावा. घाईत ते स्वतःचा घालतात, आणि मग पुढचे सगळे ओटीपी त्यांच्याकडे जातात. वर्षभराने दुकान हललं की तुमचा अर्ज बेवारस. दुसरं, पावतीचा कागद घ्या, नुसता फोटो नको. अर्ज क्रमांक त्यावर असतो. दाखल्यांच्या बाबतीत या पावतीला वजन आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली आहे, आणि ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंडाची तरतूद आहे. अपील करता येतं. आमच्याकडे सहसा कोणी करत नाही, 'पुन्हा काम पडायचं आहे' म्हणून.

अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्यांकडेही जपून. "पैसे आले नाहीत" म्हणाला तर "मिनी स्टेटमेंट काढ" म्हणा. अंगठा लागला त्या प्रत्येक वेळची चिठ्ठी मागा. आणि रोज वापर नसेल तर माय आधारवर बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. रेशनच्या दिवशी उघडायचं, परत बंद करायचं. मावशींना हे जमणार नाही, त्यांच्या नातीला जमतं.

एवढं सगळं समजल्यावरही एक गोष्ट मला सापडली नाही. चार महिने पैसे भलत्या खात्यात जात होते, तेव्हा 'तुमचे पैसे अमुक बँकेत गेलेत' हे एक वाक्य सांगणं कुणाचं काम होतं? माहिती होती. ज्या स्क्रीनवर 'सक्सेस' लिहिलं होतं, तिच्या मागे कुठेतरी बँकेचं नाव असणारच. ते मावशींपर्यंत आणायला एकही काउंटर नव्हता. लाभार्थ्याला मराठीतून एक साधा मेसेज, कुठल्या बँकेत, किती, कधी, एवढं जरी केलं तरी निम्मी रांग घरी बसेल, असं माझं मत.

शेवटी त्या दुसऱ्या बँकेची शाखा आम्ही शोधून काढली. मावशींनी अंगठा लावला, तिथल्या मुलाने बॅलन्स बघितला आणि म्हणाला, "आजी, सहा हजार आहेत की." मावशींनी ते तिथेच मोजून घेतले, दोनदा. मग जुन्या बँकेत येऊन सीडिंगचा फॉर्म भरला, आणि पुढच्या हप्त्याला पासबुकात एक, पाच आणि शून्यं परत उमटली. आता दोन्ही बँकांचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत असतात. बरोबर कुठलं ते कळावं म्हणून त्या पासबुकाला लाल दोरा बांधलाय.

परवा पुन्हा दारात आल्या. नातू सात वर्षांचा झाला, रेशनच्या केवायसीत त्याचा अंगठा लागत नाही. मी विचारलं, आधार कधी काढलं होतं? म्हणाल्या, पाळण्यात असताना. सोमवारी सकाळी साडेसातला आधार केंद्रावर टोकनची रांग लावायची आहे, आणि पोराची शाळा बुडणार म्हणून सून आत्ताच चिडली आहे.